मोबाईलबंदीच्या भाषणांत भिवंडीची मुलं कुठे आहेत?

मुलांच्या मोबाईलचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा थेट बंदीवर जाते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट 2022 पासून एक प्रयोग सुरू झाला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने 18 वर्षांखालच्या मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठरावच केला. ऑस्ट्रेलियाने कायदा केला आणि 10 डिसेंबर 2025 पासून तिथे 16 वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई झाली. आपल्या वस्त्यांमध्येही 14 एप्रिलच्या व्यासपीठावर एक तरी वक्ता असा असतोच, जो सांगतो की बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे आणि आमची पोरं अठरा तास रील बघतात. टाळ्या पडतात. मुलं मागच्या रांगेत बसून त्या भाषणाचा व्हिडिओ काढत असतात.

त्या वक्त्यांची काळजी खरी आहे, तिच्यावर पुढे येतेच. पण ज्या घरातून फोन काढून घ्यायचा म्हणतो, त्या घरात तो फोन आज काय काय कामं करतो, हे आपण आधी बघायला हवं. निदान भिवंडीत तरी.

भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 7,09,665 होती. आता ती कितीतरी वाढलेली आहे हे कल्याण नाक्यावर उभं राहिलं तरी कळतं. शहर चालतं यंत्रमागावर आणि गेल्या वीसेक वर्षांत मानकोली, अंजूरफाटा, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यातल्या गोदामांवर. मागावर बारा तासांची पाळी. गोदामात पॅकिंगला जाणाऱ्या बायका सकाळी डबा घेऊन निघतात त्या दिवेलागणीनंतरच परततात. घरात दिवसभर असतात ती मुलं, आजी-आजोबा आणि एखादा जुना फोन. अशा घरात आजारपणाचा कारभार कोणाकडे असतो? रक्ताचा रिपोर्ट फोनवर आला की तो वाचते नववीतली मुलगी. गोळीचं नाव गुगलला विचारतो दहावीतला मुलगा. आयुष्मान कार्डाचा ओटीपी त्यालाच येतो आणि तोच तो सांगतो. शेजारच्या बाईला कळा सुरू झाल्या तर 108 लावायला हाक मारली जाते ती याच वयाच्या पोराला.

भाषांचा प्रश्न त्याहून अवघड. या शहरात मराठी, उर्दू, हिंदी, भोजपुरी, आगरी आणि पद्मानगरच्या विणकर कुटुंबांची तेलुगू, सगळं शेजारीशेजारी नांदतं. सरकारी पत्रक मात्र 'लाभार्थ्यांनी सदर सुविधेचा लाभ घ्यावा' अशा मराठीत येतं. ते घरच्या भाषेत उतरवून सांगणारं माणूस बहुतेक वेळा किशोरवयीनच असतं. 2021 मध्ये कोविन पोर्टल सुरू झालं तेव्हा ते सुरुवातीचे काही महिने फक्त इंग्रजीत होतं. ज्यांच्या हातात फोन नाही आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी नोंदणी करायची कशी, हा प्रश्न त्या वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला विचारला होता. वस्तीत त्याचं उत्तर तोवर निघालंही होतं. मुलंच आई-बापाची, आजीची, गल्लीतल्या काकांची नोंदणी करत होती. त्यांना स्वतःला लस मिळायला 3 जानेवारी 2022 उजाडला आणि तीही 15 वर्षं पूर्ण झालेल्यांनाच.

आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे आम्ही लोक 'किशोरवयीन मुलांपर्यंत मोबाईलमधून आरोग्य कसं पोहोचवायचं' अशा कार्यशाळा घेतो. पण मोबाईलमधून घराघरांत आरोग्य पोहोचवण्याचं काम ही मुलं आधीपासून करत आहेत. त्यांना त्यासाठी कोणी काही शिकवलेलं नाही, आणि चुकलं तर विचारायला कोणी नाही. त्यामुळे खऱ्या माहितीबरोबर खोटीही त्यांच्याच हातून पुढे जाते.

याची किंमत या शहराने मोजलेली आहे. 27 नोव्हेंबर 2018 ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत, अंगणवाडीत एक टोचणी. मोहिमेच्या बरोबरीने व्हॉट्सॲपवर संदेश फिरू लागले की या लसीने मुलं पुढे वांझ होतात. पालकांनी मुलांना त्या दिवशी शाळेतच पाठवलं नाही, असं राज्यात अनेक ठिकाणी झालं. कोविडच्या लसीच्या वेळी तीच गोष्ट. 2021 च्या अखेरीस मालेगाव आणि भिवंडी ही लसीकरणात मागे पडलेली शहरं म्हणून रोज बातम्यांत होती. त्या वेळचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की मुस्लिमबहुल भागांतल्या लोकांचं मन वळवण्यासाठी सलमान खानची मदत घेणार. मग 2022 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गोवर आला. गोवंडी, मालेगाव आणि भिवंडी. लहान मुलं दगावली. नऊ महिन्यांनंतरचा पहिला आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधला दुसरा, असे दोन डोस ज्या आजाराला रोखतात त्या आजाराने. कोविडच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण विस्कळीत झालं हे त्याचं मोठं कारण होतंच. पण संशय आधीपासून पेरलेला होता.

सलमान खानच्या निर्णयावर तेव्हा विनोद खूप झाले. मला त्यात विनोदापेक्षा आपल्या व्यवस्थेची विचार करण्याची पद्धत दिसते. शांतीनगरच्या गल्लीतल्या आईला नटाने टीव्हीवरून सांगितलेलं पटेल असं शासनाला वाटलं. तिच्या घरातल्या, ज्या मुलीच्या हातात तो खोटा संदेश रोज येत होता, तिला मात्र कोणी काही विचारलं नाही.

आणि अफवा ही एका धर्माची मक्तेदारी आहे असा गैरसमज आपल्या समाजाने करून घेऊ नये. आपल्या ग्रुपवर कॅन्सर बरा करणारा काढा फिरत नाही का? 'अमुक देशाच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' म्हणत मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगणारे संदेश जय भीमच्या खाली येतात आणि आपण ते पुढे पाठवतो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारे लोक होते. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अफवेने मेले ते आपल्यासारखेच, गावकुसाबाहेरचे. केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी जे सांगितलं ते आपण वर्षावासात दरवर्षी ऐकतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आलं म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मान्य करू नका, तपासून बघा. विहारात हे ऐकणाऱ्या मुलामुलींना खिशातला फोन काढून कालचा एक फॉरवर्ड त्या कसोटीवर लावून दाखवायला सांगितलं, तर ते सुत्त त्यांना कायमचं समजेल. हा प्रयोग करायला अर्धा तास पुरतो, पैसे लागत नाहीत.

आता मुलींकडे येऊ, कारण बंदीचा पहिला फटका त्यांना बसतो.

'असर'च्या 2023 च्या पाहणीत 14 ते 18 वयाची मुलं-मुली होती. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के, मुली 19.8 टक्के. ही पाहणी ग्रामीण भागातली आहे, भिवंडीला ती जशीच्या तशी लावता येणार नाही. पण इथल्या कुठल्याही चाळीत शिरा, चित्र ओळखीचं वाटेल. भावाचा फोन भावाचा असतो. बहिणीचा फोन घराचा असतो. तो आई कामावरून आल्यावर मिळतो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मिळतो आणि त्यात काय शोधलं हे भाऊ नंतर बघू शकतो. पाळी दोन महिने आली नाही, पांढरं जातं, छातीत गाठ लागते, असा प्रश्न या फोनवर मुलगी टाइप कशी करणार? ती मैत्रिणीला विचारते. मैत्रीणही तितकीच अंधारात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुली रक्तक्षयाच्या आढळल्या. म्हणजे दहातल्या जवळजवळ सहा. त्यासाठी शाळांत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती किती मुलींच्या पोटात जाते आणि किती गोळ्या शाळेमागच्या गटारात, हे शिक्षिकांना विचारा. मुली ती का फेकतात? उपाशीपोटी घेतल्यावर मळमळतं. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं, त्याने घाबरतात. कोणीतरी सांगितलेलं असतं की ही गोळी मूल न होण्याची आहे. या तिन्ही गोष्टींचं उत्तर चाळीस सेकंदांत देता येतं. जेवणानंतर घे. चहाबरोबर नको, लोह अंगी लागत नाही. काळं होणं हे लोहामुळेच, घाबरू नको. त्याच शाळेतल्या अकरावीच्या ताईने आपल्या बोलीत हे रेकॉर्ड केलं तर पोस्टरपेक्षा लवकर पोहोचेल. मोबाईलमधून आरोग्यप्रसार म्हणून मला जे अपेक्षित आहे, ते एवढं साधं आहे.

सरकारकडे योजना नाहीत असं नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 7 जानेवारी 2014 ला सुरू झाला. 10 ते 19 वयासाठी, त्यात पोषणापासून लैंगिक आरोग्य, व्यसन, हिंसा आणि मानसिक आरोग्यापर्यंत सगळं आहे. महाराष्ट्रात त्याच्या समुपदेशन केंद्रांना 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. किती आपलं नाव! पण तुमच्या वस्तीतल्या दहा मुलांना विचारून बघा, मैत्री क्लिनिक कुठे आहे. 2017 मध्ये केंद्राने किशोरांसाठी 'साथिया सलाह' नावाचं ॲप आणलं. तेही विचारा. मानसिक आरोग्यासाठी 'टेलीमानस' ही चोवीस तासांची मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून आहे, क्रमांक 14416, मराठीत बोलता येतं. तो क्रमांक मी कार्यकर्त्यांच्या बैठकीत विचारते तेव्हाही हात थोडेच वर येतात.

ॲप काढलं की काम झालं, ही समजूत मोडायला हवी. चाललेल्या गोष्टी वेगळ्या असतात. 'आरमान' या संस्थेची 'एममित्र' सेवा मुंबईच्या वस्त्यांत गरोदर बायकांना मोफत फोन करायची. ॲप नाही, वाचणं नाही, साधा फोनही पुरेसा. बाईने सांगितलेल्या वेळेला, तिच्या भाषेत, तिच्या त्या महिन्यापुरतीच माहिती. नोंदणीसाठी वस्तीतली कार्यकर्ती दारात येऊन गेलेली असल्यामुळे तो आवाज परका वाटत नसे. भिवंडीत हे करायचं तर आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. मागांच्या खडखडाटात फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. कारखान्याला लागून असलेल्या खोल्यांत दिवसा आवाजी संदेश ऐकायचा म्हणजे कान फोनला चिकटवून बसायचं. तिथे चित्र हवं, मोठी अक्षरं हवीत, नाहीतर जेवणाच्या सुट्टीची वेळ गाठायला हवी. हे ठरवू शकेल ते तिथे राहणारं पोरच.

धारावीत 'धारावी डायरी' या प्रकल्पातल्या मुलींनी दहा वर्षांपूर्वी स्वतः मोबाईल ॲप तयार केली होती. एक बाईवर प्रसंग आला तर मदत मागण्यासाठी आणि एक नळाच्या पाण्याच्या पाळीसाठी, म्हणजे आपला नंबर आला की फोनवर कळावं, तासन्‌तास रांगेत उभं राहायला नको. ती ॲप किती काळ चालली यापेक्षा मला विषयांची निवड महत्त्वाची वाटते. आरोग्य म्हटल्यावर आपण मोठी माणसं आजारांची यादी काढतो. त्या मुलींनी पाणी आणि छेडछाड निवडली. युगांडात 2011 मध्ये युनिसेफच्या मदतीने 'यू-रिपोर्ट' सुरू झाला, त्याचंही तत्त्व हेच होतं. तरुणांना साध्या संदेशावर प्रश्न विचारायचे, तुमच्याकडे काय चाललंय ते त्यांनी कळवायचं. माहिती वरून खाली जाण्याऐवजी खालून वर. कामवारी नदीकाठच्या वस्त्यांतली मुलं आठवडाभर फोटो काढत गेली तर कुठल्या गल्लीत नळाच्या पाण्यात गटार मिसळतं, कुठे कचरा उचलला जात नाही, डेंग्यूच्या अळ्या कुठे आहेत, याचा नकाशा तारीखवार तयार होईल. निवेदनासोबत तो जोडला की अधिकाऱ्याला 'पाहतो' म्हणून भागणार नाही.

बंदीवाल्यांची काळजी खरी आहे असं वर म्हटलं. ती अशी. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गेम खेळणारी मुलं वर्गात डुलक्या घेतात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण त्याआधी किती घरांतल्या गोदामाच्या पगाराला भोक पडलं ते त्या घरांना माहीत. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर दमछाक होईल अशी हालचाल सुचवते. ती करायला जागा? वऱ्हाळदेवी तलावाच्या कडेने एकदा चालून या आणि त्या परिसरात मुलांना खेळायला मोकळं मैदान किती उरलंय ते मोजा. मुलांना फोनमधून बाहेर काढायचं म्हणताना बाहेर काय ठेवलंय, हे वक्त्यांनी सांगायला हवं. वडगावचा प्रयोग मला एका कारणासाठी आवडतो, तिथे मोठ्यांचेही फोन बंद होते. भिवंडीत सात वाजता भोंगा वाजवला तर अर्ध्या घरांत तो ऐकायला आई-बाप घरी आलेले नसतील.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी सर्वसाधारण 'मोबाईलचे दुष्परिणाम'वाल्या लेखांत सापडत नाही. मे 2015 मध्ये शिर्डीत नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या आपल्या एका तरुणाचा खून झाला. कारण काय, तर त्याच्या फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली. आज ती रिंगटोन इन्स्टाग्रामवर गेली आहे. पंधरा वर्षांची मुलगी निळा झेंडा घेऊन रील टाकते आणि खाली जातीवरून शिव्या, आरक्षणावरून टोमणे, बापाची लायकी काढणं सुरू होतं. ती ते कोणाला दाखवत नाही. दाखवलं तर घरचे म्हणणार, फोन बंद कर. मग ती एकटीच ते वाचते, रात्री, पुन्हा पुन्हा. झोप, भूक, अभ्यास सगळ्यावर त्याचा परिणाम होतो, आणि आपण त्याला 'मोबाईलचं व्यसन' असं नाव देऊन मोकळे होतो. जातीच्या हिंसेचा हा भाग मानसिक आरोग्याचा प्रश्न म्हणून मांडायला आपल्याशिवाय कोणी येणार नाही. त्या मुलीला तीन गोष्टी माहीत हव्यात: स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेव, 1930 वर आणि पोलिसांत तक्रार करता येते, आणि मन फार खचलं तर 14416. त्याआधी एक मोठी ताई हवी, जी फोन हिसकावणार नाही.

म्हणून माझं म्हणणं विहारांपुरतं आणि मंडळांपुरतं सांगते. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आपल्या विहारांत माणसं नियमित जमतात. एवढी शिस्तबद्ध उपस्थिती सरकारच्या एकाही आरोग्य शिबिराला मिळत नाही. ग्रंथवाचनानंतर रविवारी अर्धा तास मुलांचा ठेवा. वॉर्डातल्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राच्या परिचारिकेला बोलवा, मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत, उत्तर मुलांनीच आपल्या बोलीत रेकॉर्ड करावं आणि ताईंनी ऐकून 'बरोबर' म्हटल्यावरच पुढे पाठवावं. मुलींचा वेळ वेगळा ठेवा आणि त्या वेळेत विहारातला एक फोन त्यांच्या हाती द्या, ज्यात काय शोधलं हे कोणी बघणार नाही. मुलींचे नंबर घेऊन ग्रुप काढू नका. ग्रुपमधून नंबर कुठे जातात हे आपण सगळेच जाणतो. ब्रॉडकास्ट यादीत एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही, ती वापरा.

आणि हे काम करताना एखाद्या मुलीने किंवा मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर ते वस्तीत मिटवण्याचा प्रश्नच येत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. मुलाचं नाव, फोटो, मेसेज कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये, 'न्याय मिळावा' या हेतूनेसुद्धा नाही. आपल्या चळवळीत निषेधाची पोस्ट टाकण्याची घाई फार असते, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

राहिला महापालिकेचा भाग. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या माहिती अधिकाऱ्यांकडे हे प्रश्न प्रत्येक मंडळाने आपल्या वॉर्डापुरते टाकावेत: शहरात मैत्री क्लिनिक किती आहेत, त्यांचा पत्ता आणि वेळ काय, तिथे समुपदेशकाची पदं किती मंजूर आणि किती भरलेली, गेल्या वर्षात 10 ते 19 वयाचे किती मुलगे आणि किती मुली तिथे आल्या, आमच्या वॉर्डात किती आशा नेमलेल्या आहेत आणि आठवड्याच्या लोहाच्या गोळ्या कुठल्या शाळांना कधी पोहोचल्या. 18 वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही स्वतःच्या नावाने हा अर्ज करता येईल. मसुदा मुलांनी फोनवर टाइप करावा. उत्तर आलं की त्याचा फोटो विहाराच्या फलकावर लावा, शेजारी मोठ्या अक्षरांत 108, 1098 आणि 14416 लिहा.